अकरा महिन्यांचा करार, चौदा वर्षांचा मुक्काम : सांगलीत इतकी बिऱ्हाडं भाड्यानंच का राहतायत?

संगमकाठ | सोमवार, रात्री ९:४०

परवा नणंदेच्या मुलासाठी एक स्थळ बघायला गेलो होतो. मुलीकडच्यांनी पगार नंतर विचारला. आधी विचारलं, "स्वतःचं घर आहे का?" नणंद पटकन म्हणाली, "हो, गावाला आहे." गावाला म्हणजे जतच्या पुढं, चार भावांत मिळून तीन खोल्या. मुलगा राहतो विश्रामबागेत भाड्यानं. आम्हीपण तिथंच, दोन गल्ल्या सोडून, भाड्यानंच.

येताना रिक्षात बोटं मोजली. लग्नाला चौदा वर्षं झाली, तीन घरं बदलली, पण "आपण भाड्यानंच राहायचं" असं आम्ही दोघांनी बसून कधीच ठरवलेलं नाही. दर वेळी "सध्या". सध्या मुलगी लहान आहे, सध्या ह्यांचं काम कायम नाही, सध्या दर फार चढलेत, जरा उतरू देत. आमच्या जिन्यात सहा बिऱ्हाडं आहेत, त्यातली चार भाड्याची. तळमजल्यावरचे काका बावीस वर्षांपासून भाड्यानं आहेत. त्यांच्या मुलाची मुंज, मुलीचं लग्न, सगळं त्याच घरात झालं. लहानपणी आम्हाला भाडेकरू म्हणजे बदलीवर आलेला बँकवाला नाहीतर पोस्टमास्तर वाटायचा. आता तसं राहिलेलं नाही.

हिशेब सांगते, चुकला तर पकडा. आम्ही बघितलेला टू बीएचके ४० लाखांचा. बँक ३२ लाख देणार, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी. हप्ता येतो २७,७७० च्या आसपास. वरचे ८ लाख आमचे, शिवाय स्टॅम्प ड्यूटी, नोंदणी, वकील धरून आणखी ३ लाख. आत्ताचं भाडं ११,०००. मी विनाअनुदानित शाळेत, हे एमआयडीसीत, दोघांचे मिळून हातात येतात ४६,०००. आता सांगा, हे आमचंच रडगाणं आहे की सगळीकडं हेच चाललंय?

वसंता_कुपवाडकर | सोमवार, रात्री १०:१५

ताई, हिशेब बरोबर हाय. पण ब्यांक आमाला हिशेबापतूर येऊच देत न्हाय. मी फौंड्रीत सोळा वर्सं मोल्डिंगला हाय. कंपनी तीच, भट्टी तीच, ठेकेदार मातर चार झाले. दर येळी नवा ठेकेदार, नवं कार्ड, नवा पीएफ नंबर. ब्यांकेचा सायेब म्हंतो, "तुमची सर्विस दीड वर्साचीच दिसत्या." माझी नोकरीबी अकरा म्हैन्याची आन घरबी. दोनीबी रिन्यू करत सोळा वर्सं काढली की!

पुणेकर_नाइलाजानं | सोमवार, रात्री ११:०२

मी मूळ सांगलीचा, सध्या हिंजवडीला. रागावू नका, पण भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. चौदा वर्षांत किती भरलेत बघा, मग कळेल. हप्त्याला निदान शेवटी एक घर उरतं.

पहिलामजला | मंगळवार, सकाळी ७:२०

@पुणेकर, सांगलीत येऊन "पाण्यात पैसे" असं बोलू नका हो, इथं त्याचा अर्थ वेगळा होतो.

२०१६ ला शामरावनगरात फ्लॅट घेतला. तळमजला, कारण आईचे गुडघे. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (इथं धोक्याची पातळी ४५ फूट, बाहेरगावच्यांसाठी सांगतो). आठवड्यानंतर घरात शिरलो तेव्हा फ्रिज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येऊन आडवा झालेला, आणि गादीवर चार बोटं गाळ. समोरच्या फ्लॅटमधला भाडेकरू डिपॉझिट मागून घेऊन महिन्याभरात वारणालीत राहायला गेला. मी कुठं जाणार? बँकेचा हप्ता पाच तारखेला पाण्यातही पोचतो. दोन वर्षांनी जुलै २०२१ ला परत तेच. २००५ चा पूर आमच्या वडिलांनी बघितला होता, ते म्हणायचे असा पूर जन्मात एकदाच येतो.

आता मी स्वतः विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं आहे, १०,५०० देतो. माझा तळमजला ५,५०० ला दिलाय, पावसाळ्यात रिकामाच असतो. विकायला काढला तर घेणारा पहिल्यांदा भिंतीवरची पाण्याची खूण कुठं होती ते विचारतो. रंग दोनदा दिला, पण खूण सगळ्या गल्लीला पाठ आहे. म्हणजे मी घरमालकपण आणि भाडेकरूपण. मला स्वतःचं घर आहे का, याचं उत्तर स्थळ बघायला आलेल्यांना काय द्यायचं ते कुणीतरी सांगा.

संगमकाठ | मंगळवार, सकाळी ७:५५

@पहिलामजला, वाचून गलबलून आलं. आम्ही घर बदलताना सगळ्यात आधी मजला बघतो, मग संडास कुठल्या दिशेला, मग भाडं. हा क्रम पुण्यातल्या माणसाला समजणार नाही.

कागदपत्र | मंगळवार, दुपारी १:१०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. दस्तांच्या कामात आहे, वकील नाही.

सांगलीत घर घेणाऱ्याला दोन भीती असतात, पाण्याची आणि कागदाची. पाण्याचं वर आलंच. नदीच्या दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही, दोन्हींच्या मधे अटी लागतात. घर बघायला गेल्यावर गिऱ्हाईक आता टाइल्सच्या आधी हा नकाशा मागतं, आणि ते बरंच आहे.

कागदाचं म्हणजे गुंठेवारी. कुपवाड, शामरावनगर, मिरजेच्या कडेची वस्ती, असंख्य घरं शेतजमिनीचे गुंठे पाडून झालेली. ना बिनशेती, ना मंजूर लेआउट. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं १ जानेवारी २००१ च्या आधीचे भूखंड नियमित करायची सोय झाली. २०२१ ला दुरुस्ती होऊन ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. पण नियमितीकरणाचा दाखला हातात नसेल तर बँका सहसा कर्ज देत नाहीत, दिलंच तर एखादी पतसंस्था चढ्या व्याजानं देते. म्हणजे ज्याला परवडतं ते घर कर्जात बसत नाही, आणि जे कर्जात बसतं ते परवडत नाही. मधला माणूस भाड्यानं राहतो.

वसंता_कुपवाडकर | मंगळवार, दुपारी २:०५

माझाच अर्दा गुंठा हाय असला. २०१२ ला नोटरीवर घेतला. सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव. तितं एक लिंबाचं झाड लावलंय, तेवडं मातर माझं.

द्राक्षबाग | मंगळवार, दुपारी ३:३०

आमचं तासगाव तालुक्यात घर आहे. चांगला आरसीसी बंगला, पुढं ओटा, मागं गोठा. आणि मी दोन मुलांना घेऊन सात वर्षं सांगलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. कारण शाळा, आता अकरावीचा क्लास. आमच्या बिल्डिंगमध्ये अशा पाच जणी आहोत. नवरे शेतावर, बायका मुलांसह शहरात. रविवारी डबे, भाजी, दूध घेऊन गाडी येते.

आम्हाला लोक म्हणतात, द्राक्षाची बाग आहे, फ्लॅट का घेत नाही? बागेचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही छाटणीनंतर पाऊस पडला नाही तर. औषधांची उधारी, सोसायटीचं पीककर्ज फेडून जे उरतं त्यातून दर महिन्याचा हप्ता कसा बांधून घ्यायचा? दलालानं दर पाडला किंवा पैसे बुडवले तर बँक थांबेल का? भाड्याचं तसं नाही. घरमालकीण बाई शेतकऱ्याचीच लेक आहे, मार्चला एकदम चार महिन्यांचं दिलं तरी चालवून घेते. वर एक पेटी सोनाका द्राक्षं.

आणि मुलगा बारावीनंतर पुण्यालाच जाणार. मग सांगलीतला फ्लॅट कुणासाठी?

आकडेमोड | मंगळवार, रात्री ८:४५

थोडा विरोधी सूर लावतो. "पूर्वी सगळे स्वतःच्या घरात राहायचे, आता भाड्यानं राहतात" हे आकड्यांत बसत नाही. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात दिलंय की भारतातल्या शहरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ ला ५४ टक्के होता, २०११ ला २८ टक्क्यांवर आला. म्हणजे आपले आजोबा आपल्यापेक्षा जास्त भाडेकरू होते! वाड्यातली बिऱ्हाडं आठवा. त्याच २०११ च्या जनगणनेत शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी होती. कुलूप लावून ठेवतील पण भाड्यानं देणार नाहीत, अशी.

त्यामुळं धाग्याचा प्रश्न थोडा वाकवतो. भाड्यानं किती राहतात यापेक्षा कोण राहतं आणि किती वर्षं, हे बदललंय असं मला वाटतं. पूर्वी भाडं हा एक टप्पा होता. नोकरी लागली, भाड्यानं राहिलं, फंडातून पैसे काढले, पन्नाशीत घर बांधलं. आता त्या पायरीवरच लोक थांबलेत. संगमकाठताईंच्या फ्लॅटचं वर्षाचं भाडं १ लाख ३२ हजार, किंमत ४० लाख. म्हणजे मालकाला सव्वातीन टक्के सुटतात, आणि विकत घेणारा बँकेला साडेआठ टक्के देतो. इतका फरक असताना जो भाड्यानं राहतो तो मूर्ख नाही. फक्त वाचलेले पैसे तो खरंच बाजूला टाकतो का, हे ज्यानं त्यानं आपापल्या पासबुकाला विचारावं.

संगमकाठ | मंगळवार, रात्री ९:१०

पासबुकाला विचारलं. ते गप्प आहे. सासऱ्यांचं बायपास, मग मुलीचे दात, मग पुन्हा डिपॉझिट.

मालकीणबाई | बुधवार, सकाळी ६:१५

सगळे भाडेकरूच बोलतायत म्हणून लिहिते. वय ६६, एकटी, वर मी, खाली भाडेकरू. पेन्शन नाही, हे भाडंच माझी पेन्शन.

आम्ही अकरा महिन्यांचाच करार का करतो? आमचा गावभागात वाडा होता. सासऱ्यांनी १९५० च्या दशकात दोन खोल्या भाड्यानं दिल्या, भाडं ३५ रुपये. तो माणूस गेला, मुलगा राहिला, मग नातू. भाडं ३५ चं वाढून किती झालं ते सांगायला लाज वाटते. कोर्टात एकोणीस वर्षं गेली. वाड्याची भिंत पडली तरी दुरुस्ती आमच्या गळ्यात. त्या वाड्यानं आम्हाला एकच शिकवलं, कुणाला रुजू द्यायचं नाही. म्हणून तीन वर्षं झाली की मी भाडेकरू बदलते. चांगला असला तरी. वाईट वाटतं, पण बारा वर्षं राहिला तर घर त्याचं होतं म्हणतात.

कागदपत्र | बुधवार, दुपारी १:२५

@मालकीणबाई, काकू, तुमचा अनुभव खरा, पण भीती जुन्या कायद्याची आहे. वाड्याचं ते प्रकरण १९४७ च्या भाडे कायद्याच्या काळातलं. आता १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. जुन्या संरक्षित भाडेकरूंना तो अजून राखतो, दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा देऊन. पण तुम्ही करता तो लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे वापराची परवानगी. मुदत संपूनही माणूस गेला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जास्तीच्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं.

बारा वर्षांचं म्हणाल तर, ते मालकाच्या इच्छेविरुद्ध, त्याच्या डोळ्यांदेखत मालक म्हणून ताबा ठेवणाऱ्याला. जो तुमच्या परवानगीनं राहतो आणि भाडं देतो, त्याचा ताबा तुमच्यातर्फेच असतो, बारा काय, तीस वर्षं राहिला तरी. या गैरसमजानं किती चांगली बिऱ्हाडं उठवली गेली असतील याची मोजदाद नाही.

आणि अकरा महिन्यांचं गणितही महाराष्ट्रात फोल आहे. एक वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आलेली. आपल्याकडं १९९९ च्याच कायद्याच्या कलम ५५ नुसार एक महिन्याचा करारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी मालकाची, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे स्टॅम्पपेपरवर नुसती नोटरी करून आपण सुरक्षित झालो असं समजणारा मालक उलट उघड्यावर असतो.

खर्च? करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. स्टॅम्प ड्यूटी एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून. ११,००० भाडं, ५०,००० डिपॉझिट, तीन वर्षं : ड्यूटी हजार-अकराशे, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. साधारण दोन हजारांत काम. तेच अकरा-अकरा महिन्यांचे तीन केले तर चार हजार, शिवाय दर वेळी एजंट. अंगठे घरी येऊन घेतात.

मालकीणबाई | बुधवार, संध्याकाळी ५:४०

तीस वर्षं राहिला तरी? हे कुणी मला पंचवीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. आमच्या वकिलांनी तर बारा म्हणूनच सांगितलेलं.

तंतुवाद्य | बुधवार, रात्री १०:३०

मिरजेचा आहे. घराण्याचं काम सतार-तंबोऱ्याचं, मी मात्र औषधांच्या कंपनीत. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. विश्रामबागेत मागच्या वर्षी नऊ घरं बघितली. फोनवर सगळं ठरतं, भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ. मग "नाव काय म्हणालात?" आणि मग "अहो, मिसेसना विचारून सांगते." मिसेस कधीच सांगत नाहीत. माझ्या दलित मित्राला आडनावावरून तेच. एका ठिकाणी "आम्ही शुद्ध शाकाहारी" म्हणाले, आणि जिन्यात तळलेल्या बांगड्याचा वास येत होता.

म्हणून ज्याला एकदा बरा मालक मिळतो तो घर सोडत नाही. मी आठ वर्षं त्याच दोन खोल्यांत आहे. गळतं, नळाला दिवसाआड पाणी, पण मालकीण ईदला शीरखुर्मा मागून घेते. दीर्घकाळ भाड्यानं राहण्याचं हेही एक कारण लिहून ठेवा, पुढचं दार उघडेल याची खात्री नसते.

संगमकाठ | बुधवार, रात्री १०:५०

@तंतुवाद्य, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्या जिन्यातल्या सहा पाट्या डोळ्यापुढं आल्या. सगळी आडनावं एकाच प्रकारची. इथल्या पाच वर्षांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पुणेकर_नाइलाजानं | गुरुवार, सकाळी ९:३०

माझं "पाण्यात पैसे" मागे घेतो. पण करसवलतीचं कुणी बोलत नाही? गृहकर्जाच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट मिळते की.

आकडेमोड | गुरुवार, सकाळी १०:०५

जुन्या कररचनेत. नव्या रचनेत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही आणि घरभाडे भत्त्याचीही नाही. २०२३-२४ पासून नवीच आपोआप लागू असते, जुनी मागून घ्यावी लागते. संगमकाठताईंच्या उत्पन्नात तसाही कर बसत नाही, मग वजावट कशातून? आणि भत्ता मागणाऱ्यांची गंमत वेगळी. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. पॅन मागितला की मालकाचा चेहरा बघा. माझ्या मालकानं भाडं ८,३०० वर थांबवलंय, वरचे २,००० रोख. गुणिले बारा करून बघा, लाखाला चारशे कमी.

विटेकर | गुरुवार, दुपारी १२:००

आमच्याकडं तर उलटीच तऱ्हा. खानापूर-आटपाडीची गलाईवाली माणसं, सोनं-चांदी गाळणारी, केरळपासून बंगालपर्यंत. माझे चुलते पस्तीस वर्षं तमिळनाडूत भाड्याच्या घरात आहेत, मुलं तिथंच शिकली, घरात अर्धं तमिळ बोलतात. आणि गावात तीन मजली बंगला, संगमरवरी, यात्रेला चार दिवस उघडतो. भाड्यानं राहणं म्हणजे गरिबी असं आमच्या गावात कुणी म्हणणार नाही. घर गावाला असतं आणि राहणं जिथं धंदा तिथं, दोन्ही गोष्टी वेगळ्या.

अजिंक्यतारा_खालून | गुरुवार, दुपारी १:४५

साताऱ्यातून हजेरी. आमच्या गोडोलीच्या सोसायटीत बारापैकी पाच फ्लॅट पुण्या-मुंबईच्या मालकांचे, निवृत्तीनंतर येऊ म्हणून घेतलेले. दोन बंद, तीन भाड्यानं. आम्ही त्या तिनांतले. मालक दर दिवाळीला फोन करून सांगतात, "पुढच्या वर्षी येतोच आहे राहायला." सहावी दिवाळी झाली. आम्ही भिंतीला एक खिळा ठोकलेला नाही.

कागदपत्र | गुरुवार, दुपारी २:१५

@अजिंक्यतारा, मुलांना आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याखाली) प्रवेश हवा असेल तर नोंदणीकृत भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, नोटरीचा चालत नाही. खिळ्यासाठी नाही तर निदान त्यासाठी तरी मालकांना गाठा.

वसंता_कुपवाडकर | गुरुवार, रात्री ८:२०

@पहिलामजला भाऊ, तुमचा तळमजला ५,५०० ला रिकामा हाय का? आमाला चालंल. पाणी आलं तर सामान उचलायला आमी तिघं भाऊ हाय.

पहिलामजला | गुरुवार, रात्री ८:३५

वसंतराव, व्यक्तिगत निरोप करतो. पण आधी पावसाळ्यात येऊन बघा, उन्हाळ्यात सगळी घरं छान दिसतात.

संपादक | गुरुवार, रात्री ९:००

कृपया घर देणे-घेणे जाहिरातींच्या विभागात.

संगमकाठ | रविवार, सकाळी ११:२०

थोडं पुढचं सांगते. काल ह्यांना घेऊन मालकांकडं गेले. कागदपत्रदादांनी लिहिलेलं सगळं वहीत उतरवून नेलं होतं. म्हटलं, तीन वर्षांचा करार करू, दरवर्षी पाच टक्के वाढ आत्ताच लिहून घेऊ, नोंदणीचा खर्च अर्धा-अर्धा. काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तीन वर्षं म्हणजे माझी सत्तरी होईल. मुलगा बंगळूरहून काय म्हणतो ते विचारतो." काकू आतून म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? चौदा वर्षांत तुम्ही चार वेळा आजारी पडलात, दर वेळी रिक्षा कुणी बोलावली?" (चौदा नाही, आमची इथं पाचच वर्षं. पण मी दुरुस्त केलं नाही.)

अजून होकार नाही. मुलगा संध्याकाळी फोन करणार आहे. मी एवढंच विचारून ठेवलंय की करार झाला तर हॉलमध्ये मुलीच्या पुस्तकांसाठी एक फळी ठोकली तर चालेल का. काका म्हणाले, "ड्रिल मशीन माझं न्या, भाड्याचं आणू नका."